हिमबिबट्याच्या गावी

(लडाखमध्ये हेमिस नावाचे मोठे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे पायी हिंडायचे आणि वन्य प्राणी पाहायचे, तर सहलीची आखणी कशी करावी, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, सहल म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? शाळेच्या फाटकाशी उभी असलेली बस, घरून आणलेले डबे, दौलताबादचा किल्ला किंवा वेरूळची लेणी. सकाळी निघायचे आणि रात्री घरी परतायचे. अशा सहलीला आखणी फारशी लागत नाही. एखादी वस्तू विसरली, तर रस्त्यात दुकान असते. कोणी आजारी पडला, तर जवळच दवाखाना असतो.

पण समजा, तुम्हांला अशा ठिकाणी जायचे आहे की जेथे कित्येक गावांना दुकान नाही, दवाखाना नाही, आणि श्वास घ्यायला हवासुद्धा पुरेशी नाही. तेव्हा काय कराल? तेव्हा सहलीचे निम्मे काम घरी बसून, कागद-पेन्सिल आणि नकाशा घेऊन करावे लागते.

चला तर, नकाशा उघडा. भारताच्या अगदी उत्तरेला लडाख आहे. ३१ ऑक्टोबर २०१९ पासून तो केंद्रशासित प्रदेश झाला आहे. हिमालयाच्या रांगा पावसाचे ढग अडवतात. त्यामुळे पलीकडे असलेल्या लडाखला पाऊस जवळजवळ मिळतच नाही. लेह या मुख्य शहरी वर्षभरात सरासरी सुमारे शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे जुलैत एवढा पाऊस कधी कधी एका दिवसात पडतो. म्हणून लडाखला थंड वाळवंट म्हणतात. डोंगर उघडे, तपकिरी, जांभळट. आणि जेथे पाण्याचा ओहोळ आहे, तेवढ्याच जागी जवाची हिरवी शेते आणि चार घरे.

लेहच्या दक्षिणेला, सिंधू नदीच्या पलीकडे, हेमिस राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. त्याची स्थापना १९८१ साली झाली. पुढे त्याची हद्द वाढवण्यात आली. आज त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर मानले जाते, आणि भारतातील सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान म्हणून त्याचे नाव घेतात. जवळच्या प्रसिद्ध हेमिस मठावरून उद्यानाला हे नाव मिळाले. उद्यान म्हटल्यावर तुम्हांला फाटक, तारेचे कुंपण आणि जीपगाड्या आठवतील. येथे तसे काही नाही. उद्यानाच्या आतच रुंबक, स्क्यू, मार्खा, हांकर अशी छोटी गावे आहेत. युरुत्से हे गाव तर एकाच घराचे आहे! या गावांतील माणसे शेती करतात, शेळ्या-मेंढ्या आणि याक पाळतात. त्याच डोंगरात हिमबिबट्या राहतो.

आता पहिला प्रश्न : केव्हा जायचे? याचे उत्तर, तुम्हांला काय पाहायचे आहे, यावर अवलंबून आहे. हिमबिबट्या दिसण्याचा चांगला काळ जानेवारी ते मार्च हा आहे. उंच शिखरांवर बर्फ साचते, तेव्हा भरल नावाच्या रानमेंढ्या चाऱ्यासाठी खाली येतात. भरलांच्या मागोमाग हिमबिबट्याही खाली येतो. पण त्या दिवसांत रात्रीचे तापमान शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरते आणि नळातले पाणी गोठून जाते. उन्हाळ्यात, म्हणजे जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, खिंडी मोकळ्या होतात आणि लांबवर चालता येते. पण तेव्हा भरल उंच कड्यांवर चढलेले असतात आणि हिमबिबट्या क्वचितच दृष्टीस पडतो. चालायचे की पाहायचे, दोन्हींपैकी एक निवडावे लागते. माझे मत विचाराल, तर शाळेच्या मुलांनी पहिल्यांदा उन्हाळ्यातच जावे. कडाक्याची थंडी सोसायला अनुभव लागतो.

दुसरा प्रश्न : कसे जायचे? दिल्लीहून विमानाने लेहला दीड तासाच्या आत पोहोचता येते. हे सोपे आहे, पण धोक्याचेही आहे. धोका कशाचा, ते नीट समजून घ्या. या पाठातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे.

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १,६४६ मीटर आहे. लेह शहर सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. आपण जसजसे वर जातो, तसतसा हवेचा दाब कमी होतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच राहते. पण हवाच विरळ असल्यामुळे एका श्वासात कमी प्राणवायू आत जातो. लेहला तो समुद्रकाठच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांश असतो. पाच हजार मीटरच्या वर तो जवळजवळ निम्म्यावर येतो. आपले शरीर हुशार आहे. ते श्वास जलद घेऊ लागते आणि रक्तातील तांबड्या पेशी वाढवू लागते. परंतु या कामाला त्याला दिवस लागतात. सकाळी मुंबईत चहा घेऊन दुपारी लेहच्या रस्त्यांवर धावणाऱ्या माणसाने शरीराला हा वेळ दिलेलाच नसतो.

मग डोके दुखू लागते. मळमळते, भूक लागत नाही, झोप येत नाही. ही उंचीच्या आजाराची पहिली लक्षणे होत. बहुतेकांना विश्रांतीने एक-दोन दिवसांत बरे वाटते. पण कोणी तसाच वर चढत राहिला, तर फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचते. बसल्या जागी धाप लागणे, सारखा खोकला येणे, तोल जाणे, भलतेच बोलणे, ही त्याची चिन्हे आहेत. अशा रुग्णाला ताबडतोब, मग रात्र असो वा पाऊस, खाली न्यावे लागते. उशीर झाला, तर प्राण जातो.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. हा आजार अशक्त माणसालाच होतो असे नाही. धावण्याच्या शर्यतीत पहिला येणारा मुलगाही त्याच्या तावडीत सापडतो. तोच अनेकदा अधिक संकटात येतो. कारण मित्र हसतील म्हणून तो डोकेदुखी लपवतो. म्हणून सहलीआधीच सर्वांनी मिळून ठरवावे, की ज्याचे डोके दुखेल तो लगेच सांगेल आणि त्याला कोणी हसणार नाही. दमा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी घरूनच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. उंचीच्या आजारावर गोळ्या मिळतात. त्याही डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

तर मग आखणीत हा वेळ कसा बसवायचा? विमानाने गेलात, तर लेहमध्ये निदान दोन पूर्ण दिवस, शक्यतो तीन, विश्रांती घ्या. पहिला दिवस अक्षरशः झोपून काढा. दुसऱ्या दिवशी बाजारात सावकाश फिरा. एके काळी येथे यारकंद, काश्मीर आणि तिबेटहून व्यापाऱ्यांचे कारवान येत. बाजारातच सतराव्या शतकातील जामा मशीद आहे, आणि वर टेकडीवर त्याच शतकातील नऊ मजली राजवाडा आहे. राजवाड्याची चढण मात्र तिसऱ्या दिवसासाठी राखून ठेवा. जम्मू-काश्मीर राज्याची राजभाषा अनेक वर्षे उर्दू होती. त्यामुळे लेहमधील कित्येक वडीलधाऱ्या माणसांना उर्दू चांगली समजते. तेथे तुम्हांला मराठीपेक्षा तुमची उर्दूच अधिक उपयोगी पडेल.

वेळ असेल, तर श्रीनगरहून मोटारीने जाणे मला अधिक पसंत आहे. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर आहे. तेथून झोजी ला ओलांडून कारगिलला मुक्काम करायचा. कारगिल सुमारे २,७०० मीटरवर आहे. दुसऱ्या दिवशी लेह. अशा रीतीने शरीर पायरी-पायरीने वर जाते. मनालीचा रस्ता देखणा आहे. पण त्यावर पाच हजार मीटरच्या आसपासच्या खिंडी आहेत आणि बरेच प्रवासी वाटेत सरचूला, म्हणजे चार हजार मीटरच्या वर, रात्र काढतात. लेहला पोहोचण्याआधीच ते आजारी पडतात. त्या रस्त्याने परत यावे, जाऊ नये.

लेहनंतर चालण्याचा नियम असा : तीन हजार मीटरच्या वर, आज जेथे झोपलात त्यापेक्षा उद्या पाचशे मीटरहून अधिक उंचीवर झोपू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. दिवसा कितीही वर जाऊन आलात तरी चालेल. हिशोब झोपण्याच्या जागेचा आहे. आता हा नियम नकाशावर लावून पाहू. लेहहून गाडीने जिंगचेनला जायचे. तेथून ओढ्याच्या काठाने चालत रुंबक, सुमारे ३,९०० मीटर. रुंबकला दोन रात्री राहायचे. मग जवळच युरुत्से. दुसऱ्या दिवशी गांदा ला ही सुमारे ४,९०० मीटरची खिंड ओलांडायची आणि लगेच खाली उतरून शिंगो गावी झोपायचे. पुढे स्क्यू, मार्खा, हांकर, आणि मग निमालिंग. निमालिंग म्हणजे ४,७०० मीटरच्या वरचे विस्तीर्ण कुरण. उन्हाळ्यात मेंढपाळ आपली जनावरे घेऊन तेथे येतात. समोर कांग यात्से शिखर दिसते. हांकरहून एका दिवसात निमालिंगला गेलात, तर पाचशेचा नियम मोडतो. म्हणून वाटेत थाचुंगत्सेला एक रात्र काढावी लागते. शेवटी सुमारे ५,२०० मीटर उंचीची कोंगमारू ला खिंड चढून शांग सुमदोकडे उतरायचे. ‘ला’ म्हणजे खिंड. तुम्ही उर्दूत तिला दर्रा म्हणता.

आता या खोऱ्यात गाडीचा रस्ताही पुढे पुढे येत आहे, त्यामुळे काही जण चालण्याचे दिवस वाचवतात. तुम्ही घाई करू नका. चालण्याच्या दिवसांतच शरीर उंचीला सरावते.

मार्खा नदी काही जागी पायी ओलांडावी लागते. ती सकाळीच ओलांडावी. दुपारच्या उन्हाने वरचे बर्फ वितळते आणि संध्याकाळपर्यंत पाणी वाढते. सकाळी घोट्यापर्यंत असलेला ओढा संध्याकाळी मांडीपर्यंत येतो. म्हणून उशिरा उठणाऱ्याला येथे नुसता ओरडा बसत नाही, रात्रही अलीकडच्या तीरावर काढावी लागते.

सामानाविषयी थोडक्यात सांगतो. एक जाड कपडा घालण्यापेक्षा एकावर एक तीन कपडे घालावेत. बूट नवे असू नयेत. महिनाभर आधी वापरून पायाला बसलेले असावेत. उन्हाचा गडद चष्मा विसरू नका, कारण बर्फावरून परतणारे ऊन डोळ्यांना इजा करते. पाणी उकळून प्यावे. ओळखपत्र जवळ ठेवावे. उद्यानात प्रवेश फी भरावी लागते. बऱ्याच भागात फोन लागत नाही. तेव्हा घरच्यांना मुक्कामांचा तक्ता लिहून द्यावा. आणि दुर्बीण! बाकी काही उसने आणले तरी चालेल, दुर्बीण आपली हवी. दुर्बीण, नकाशा, मुक्काम, अंदाज, सामान – हे शब्द तुम्हांला नवे नाहीत. मराठीने ते तुमच्याच शेजारून घेतले आहेत.

आता ज्याच्यासाठी एवढी धडपड, त्या हिमबिबट्याकडे वळू. लडाखी लोक त्याला ‘शान’ म्हणतात. उर्दूत तुम्ही बर्फानी चीता म्हणाल; पण मराठीत चित्ता म्हणजे दुसराच प्राणी, तेव्हा गोंधळ करू नका. त्याचा रंग धुरासारखा राखी, त्यावर काळसर ठिपके. पंजे रुंद आणि केसाळ, त्यामुळे तो भुसभुशीत बर्फात रुतत नाही. शेपूट जवळजवळ अंगाएवढी लांब. कड्यावरून उडी घेताना ती तोल सांभाळते आणि झोपताना ती तो तोंडावर पांघरतो. तो वाघासारखी डरकाळी फोडू शकत नाही. दगडांत बसला, तर शंभर पावलांवरूनही दिसत नाही. म्हणून त्याला शोधताना आधी त्याला शोधायचे नसते! भरलांचा कळप शोधायचा. सगळे भरल चरणे थांबवून एकाच दिशेला पाहू लागले, की आपणही तिकडे दुर्बीण लावायची. सकाळी आणि सूर्यास्ताच्या सुमारास डोंगराच्या धारेवरून हळूहळू नजर फिरवायची. वाटेत पुढे झुकलेल्या खडकांच्या तळाशी त्याच्या मूत्राचा वास येतो, मातीत पंजाने ओरखडलेल्या खुणा दिसतात. वाटाड्या त्या लगेच ओळखतो.

मेहनत करूनही तो दिसेलच असे नाही. अमेरिकन लेखक पीटर मॅथिसन १९७३ साली प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांच्याबरोबर नेपाळच्या डोल्पो भागात गेले होते. त्यांना हिमबिबट्याच्या खुणा दिसल्या, पण हिमबिबट्या दिसला नाही. तरी त्या प्रवासावर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाचे नाव ‘द स्नो लेपर्ड’ असेच आहे. तुम्हांला निदान भरल, निमालिंगला बिळाशी उभे राहून शीळ घालणारे मार्मोट, सोनेरी गरुड आणि हाडे खाणारे दाढीवाले गिधाड हे तरी नक्कीच भेटतील. नशीब असेल, तर लांडगा.

भारतात हिमबिबटे किती आहेत? २०१९ ते २०२३ या काळात झालेल्या गणनेचा अहवाल जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाला. त्यानुसार देशात ७१८ हिमबिबटे असावेत, त्यांपैकी ४७७ एकट्या लडाखमध्ये. निम्म्याहून कितीतरी अधिक! हे कसे घडले, ते समजायला रुंबकच्या एखाद्या घरी रात्र काढायला हवी.

घरामागे दगडी भिंतींचा गोठा असतो. पूर्वी त्याला छप्पर नसे, किंवा असले तरी अर्धवट असे. हिवाळ्याच्या रात्री भुकेला हिमबिबट्या भिंतीवरून आत उडी मारी. आत शेळ्या-मेंढ्या घाबरून सैरावैरा धावत. पळायला वाट नाही, समोर धावणारी जनावरे. तो एकीवर न थांबता अनेकींना मारून टाकी. सकाळी मालक दार उघडून पाहतो, तो त्याची कित्येक वर्षांची कमाई मरून पडलेली. ती त्याची बँक, तीच लोकर, तेच मुलांच्या शाळेचे पैसे. रागाच्या भरात गावकरी कधी कधी कोंडलेल्या हिमबिबट्याला दगडांनी ठेचून मारीत. कायद्याने त्याला मारणे गुन्हा आहे, हे त्यांना ठाऊक होते. पण त्या सकाळी त्यांना कायदा सांगायला जाणाऱ्याने आधी तो गोठा पाहायला हवा होता.

यावर उपाय निघाला तो साधा होता. गोठ्यावर तारेची मजबूत जाळी बसवायची आणि दार घट्ट करायचे. वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी जाळी आणि लाकूड पुरवले. गावकऱ्यांनी दगड, माती आणि मेहनत दिली. त्याचबरोबर २००२ च्या सुमारास रुंबक आणि आसपासच्या गावांत प्रवाशांना घरी ठेवून घेण्याची पद्धत सुरू झाली. तंबू घेऊन येणारा प्रवासी गावाला काही देत नसे. घरी राहणारा प्रवासी जेवणाचे आणि राहण्याचे पैसे देतो. पाहुणे घरोघरी पाळीपाळीने जातात, म्हणजे एकाच घराचा फायदा होत नाही. हा व्यवहार बहुतेक घरांत बाईच सांभाळते. ज्या प्राण्याने मेंढ्या नेल्या, त्यालाच पाहायला लोक दूरदेशाहून येऊ लागले. गावातील काही तरुण आता उत्तम वाटाडे झाले आहेत. लांबच्या कड्यावरचा राखी ठिपका दगड आहे की हिमबिबट्या, हे त्यांच्याइतके अचूक कोणी सांगू शकत नाही.

म्हणून तुमच्या आखणीत मुक्काम तंबूत नव्हे, गावातील घरी ठरवा. आत शिरताना ‘जुले’ म्हणा. सलाम, आभार आणि निरोप, तिन्हींसाठी हाच एक शब्द आहे. स्वयंपाकघरात चुलीभोवती बसायला सांगतील आणि मीठ-लोणी घातलेला चहा देतील. पहिला घोट चमत्कारिक लागेल. चहा म्हणून न पिता सूप म्हणून प्यालात, की आवडेल. त्याबरोबर भाजलेल्या जवाचे पीठ, म्हणजे आपले सातूच.

उरलेले अन्न बाहेर फेकू नका. फेकलेल्या अन्नावर भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या वाढतात, आणि त्या वन्य प्राण्यांवर व जनावरांवर हल्ले करतात. लडाखमध्ये हा प्रश्न गंभीर झाला आहे. प्लास्टिक पिशवीत भरून लेहला परत आणा. हिमबिबट्या शिकारीवर बसलेला दिसला, तर फोटोसाठी जवळ जाऊ नका. तो घाबरून शिकार सोडून गेला, तर उपाशी राहील आणि उपाशी हिमबिबट्या पुन्हा कोणाच्या तरी गोठ्याकडे वळेल.

शेवटी परतीचे तिकीट. दुपारी डोंगरांत जोराचा वारा सुटतो, म्हणून लेहची विमाने बहुधा सकाळीच सुटतात, आणि हवा बिघडली तर ती रद्द होतात. खिंडीत बर्फ पडले, तर तुम्हीही एक दिवस अडकाल. तेव्हा आखणीच्या कागदावर शेवटी दोन दिवसांच्या जागा कोऱ्या सोडा.

शब्दार्थ
आखणी – आधी ठरवलेली योजना. ओहोळ – लहान प्रवाह. विरळ – दाट नसलेली. खिंड – दोन डोंगरांमधील वाट. कुरण – गुरे चरण्याची गवताळ जागा. वाटाड्या – वाट दाखवणारा. सैरावैरा – दिशा न ठरवता.

स्वाध्याय
१. विमानाने लेहला जाणे सोपे असूनही धोक्याचे का आहे?
२. हांकर आणि निमालिंग यांच्यामध्ये एक मुक्काम का करावा लागतो?
३. ‘त्याला शोधताना आधी त्याला शोधायचे नसते’ असे लेखक का म्हणतो?
४. गोठ्याच्या मालकाची बाजू घेऊन पाच-सहा ओळी लिहा.
५. पाठातून उर्दू आणि मराठीत सारखे असलेले आणखी पाच शब्द शोधा.